पिंपातलं औषध

आई जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेली. पाणी बाधलं, असं डॉक्टर म्हणाले. सुरुवातीला थोरली खूप रडली. मग रडणं हळूहळू आटलं आणि शेजारीपाजारी म्हणू लागले, "सावरली हो पोर." तिच्या वडिलांना, अप्पांनाही तसंच वाटलं.

सावरली कसली, गारठली होती. लाँड्रीत वाफेच्या प्रेसपाशी बाकीच्या बायका घामाने निथळायच्या आणि ही स्वेटर घालून उभी. "हिला भट्टीत बसवली तरी शाल मागेल," मालकीणबाई म्हणायच्या. सगळ्या हसायच्या. तीही हसायची; म्हणजे इथे हसायचं असतं, एवढं तिला कळायचं. अंग जड, चेहरा सुजल्यासारखा, विंचरताना हातात केसांचा पुंजका. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची.

आईचे कपडे आवरायला धाकटी सासरहून आली. थोरलीने भराभर घड्या घालून गठ्ठे बांधले.

"ताई, आई होती ती. गिऱ्हाईक नव्हती," धाकटी म्हणाली आणि न जेवताच निघून गेली. थोरलीने तिचं ताट झाकून ठेवलं. आता वाईट वाटायला हवं, हे तिला समजत होतं.

मग एका दुपारी प्रेसखाली तिच्या तळहाताची कड सापडली. हात कितीतरी दिवसांपासून बधिर असायचे. कातडी जळल्याचा वास मालकीणबाईंना आधी आला. त्या किंचाळल्या, तेव्हा कुठे तिने हात काढला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता तिचा चेहरा निरखला, गळा चाचपला आणि रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आल्यावर अप्पांनाही बोलावून घेतलं.

"हिचं थायरॉइड जवळजवळ बंद पडलंय. गळ्यालाही सूज आहे. घरात कुणी आयोडीनचं काही औषध घेतं का?"

"पाण्यात टाकतो मी," अप्पा लगेच म्हणाले. नोकरीभर रस्त्यांच्या मोजणीसाठी ते रानोमाळ तंबूत राहिले होते. "आम्ही नदीचं पाणी जंतू मारणाऱ्या त्या थेंबांवरच प्यायलो. ही... म्हणजे हिची आई गेल्यापासून, वर्ष झालं, रोज घरच्या पिंपात टाकतो. थोडे जास्तच."

"अडीअडचणीला, थोडे दिवस ठीक आहे. पण वर्षभर रोज? थायरॉइडला आयोडीन लागतं, पण अगदी कणभर. फार झालं की काहींची ग्रंथी कामच थांबवते."

"मीही तेच पितो. मला कुठे काय झालंय?"

"तुम्हाला सोसलं. हिला नाही सोसलं."

अप्पा आपल्या चपलांकडे बघत राहिले. थोरलीला त्यांचा राग आला नाही, कीवही आली नाही. गोळ्या कधी घ्यायच्या, एवढंच तिने विचारलं.

घरी येऊन अप्पांनी पिंप मोरीत पालथं केलं आणि थेंबांची बाटलीही रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी उकळू लागले. थोरली रोज उठल्यावर अनशापोटी गोळी घ्यायची. गळ्याची सूज हळूहळू उतरली. स्वेटर खुंटीवर राहू लागला.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर पातेल्यातलं पाणी तळाला गेलेलं आणि अप्पा समोर नुसते उभे.

"अप्पा, अहो, किती उकळायचं ते!" तिचा आवाज एवढा चढला की तीच दचकली. पण थांबली नाही. "आणि मला एकदा विचारायचं तरी होतं! काय पाजताय ते सांगायचं तरी! वर्षभर मी मेल्यासारखी पडले होते, दिसत नव्हतं तुम्हाला?"

"वाटलं, आईच्या दुःखात आहेस," अप्पा म्हणाले. मग पातेल्याकडे बघत, "तिच्या पाण्यात टाकलं असतं तर..."

थोरलीने गॅस बंद केला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा, असं काही तिला वाटलं नाही. छातीत नुसती चीड भरून आली होती. ती चीड जिना उतरताना ओसरली नाही, रस्त्यावरही ओसरली नाही. ती तशीच घेऊन थोरली कामावर पोहोचली आणि प्रेस सुरू केला.