घाई न करणारा गिटारवाला

वडिलांच्या मागे राहिलेल्या रॉक रेकॉर्डींतल्या गाजलेल्या तेवढ्या भावाने उचलल्या आणि उरलेल्या भंगारात काढायला सांगितल्या. शिलाई मशीन दुरुस्त करणारी बहीण हट्टाला पेटली. या बिननावाच्या वादकांना दोन्ही बाजूंनी ऐकल्याशिवाय ती एकाही रेकॉर्डला कुणाला हात लावू देणार नव्हती.

आधी तिने रेकॉर्ड प्लेअरचा सैल पडलेला रबरी पट्टा बदलला. मग वडिलांची सगळ्यात झिजलेली रेकॉर्ड लावली. गिटार खणखणीत वाजू लागली.

भाजी निवडणारी आई थबकली. "हा कोण उपटसुंभ? आपला गिटारवाला एवढी घाई करत नाही."

"आई, हाच त्याचा खरा वेग. पट्टा सैल होता, म्हणून इतकी वर्षं तो रेंगाळत होता."

"असेल. मला खऱ्याशी काय करायचंय?"

लेकीने कचऱ्यातून जुना पट्टा काढला, पुसला आणि परत चढवला. गिटार जडावली, ओळखीची झाली.

आईची मान डोलू लागली. "हं, आता बाबांना हाक मार, चहा गार होतोय," ती सवयीने म्हणाली आणि तिने जीभ चावली.

लेकीने रेकॉर्ड उलटली. दुसरी बाजू ऐकायची राहिली होती.