खिशातलं शेपूट

प्रयोगाच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर ‘कात्री घालणे’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पुढे बरोबरची खूण नाही. एरवी खूण केल्याशिवाय मी पुढच्या ओळीवर जात नाही. पण त्या दुपारी पाळणाघरातून फोन आला होता, मुलीला ताप आहे, लगेच या. मी पळाले. पळण्याआधी कात्री घातली की नाही, हे कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

कात्री म्हणजे खरी कात्री नव्हे. यीस्टमधलं एक एन्झाइम आम्ही जिवाणूंकडून भरपूर बनवून घेतो. बाकीच्या गर्दीतून ते वेगळं काढता यावं म्हणून त्याला एक छोटं शेपूट जोडलेलं असतं. काम झालं की एक द्रव्य घालून ते शेपूट कापायचं, आणि उरलेल्याचे स्फटिक वाढवून, त्यांच्यावर क्ष-किरण सोडून आकार बघायचा. हे एन्झाइम यीस्टमध्ये नेमकं काय करतं ते कुणालाच माहीत नाही. सासूबाई म्हणतात, पाव फुगवण्यापलीकडे त्याला काम काय असणार. चार वर्षं झाली, माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही.

सहा महिने स्फटिक येत नव्हते. आले ते फक्त त्या तापाच्या दिवशीच्या नळीतून. चित्र तयार झालं, तर एन्झाइमच्या मधल्या पोकळीत, तिला आम्ही खिसा म्हणतो, काहीतरी अडकलेलं दिसलं. माझ्या मार्गदर्शक सरांना लगेच उलगडा झाला: एन्झाइम स्वतःचंच टोक आत खुपसून खिसा बंद करतं, यीस्ट उपाशी असलं की दार लावून बसतं. स्वतःचा चहासुद्धा दुसऱ्याच्या कपातून घेणाऱ्या सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. येत्या सोमवारी परिषदेत ते हेच सांगणार होते. माझी पीएच.डी.ची पदवीही त्याच चित्रावर उभी होती.

बुधवारी सकाळी मुलगी मांडीवर दूध पीत होती आणि मी एका हाताने ते चित्र फिरवत होते. खिशातल्या पुंजक्यात मला ओळीने तीन पंचकोनी कडी दिसली. धूसर, पण कडीच. एन्झाइमच्या स्वतःच्या टोकात अशी कडी नाहीत. शेपूट मात्र अशा कड्यांच्या रांगेचंच बनलेलं असतं. मुलीने कीबोर्डवर हात मारला, चित्र गेलं, मी परत आणलं. तरी तीनच.

तेव्हा मी वही काढली.

नवरा म्हणाला, आधी खात्री कर, मग बोल. पाच मिनिटांनी म्हणाला, आधी बोल, मग खात्री कर. तोही माझ्याइतकाच गोंधळलेला.

प्रयोगशाळेचं सामान सांभाळणाऱ्या ताईंनी फ्रीजरच्या तळातून ती नळी शोधून दिली. कापलेला नमुना आणि हा नमुना आम्ही जेलच्या पट्टीत वीज सोडून शेजारीशेजारी पळवले. शेपूटवाला जड, तो मागे रेंगाळतो. दोन तासांनी निळ्या रेषा उमटल्या. आमची रेष केसभर मागे होती.

“राहिलंय गं बाई तुझं शेपूट,” ताई म्हणाल्या, आणि हातमोजे काढून जेवायला गेल्या.

मी वही, जेल, चित्र सगळं सरांच्या टेबलावर मांडलं. त्यांनी एकेक उचलून पाहिलं.

“म्हणजे दार नाहीच.”

“नाही. शेजारच्या रेणूचं शेपूट याच्या खिशात गेलंय. मी कापायचं विसरले, सर.”

कापलेल्याचे स्फटिक कधी आले का, त्यांनी विचारलं. एकदाही नाही, मी सांगितलं; शेपटाने एकमेकांना धरलं म्हणूनच रेणू रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढून उलटा ठेवला. आता बोलणी खायची, म्हणून मी तयार झाले.

“पण खिशाने शेपूट धरलंच का? रिकामाही राहिला असता. असलं काहीतरी धरणं हेच त्याचं काम असेल.”

क्षणभर मला ते पटलं. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. आणि लगेच शंका आली.

“सर, माझी मुलगी हाताला लागेल ते धरते. चमचा, माझे केस. हवं असतं म्हणूनच धरते असं नाही.”

“मग हवंय हे तुला कसं कळतं?”

“मी दुसरं काहीतरी पुढे करते. पहिलं नको असेल तर ती ते टाकून देते.”

सरांनी कागद ओढला आणि खिशापुढे शेपटाबरोबर काय काय ठेवून बघता येईल याची यादी सुरू केली. वीस नावं झाली. भाषणातून दाराचं चित्र त्यांनी माझ्यासमोरच काढून टाकलं. पदवीचं मी विचारलं. ते म्हणाले, यादी संपल्यावर. म्हणजे वर्ष गेलंच. चुकीने माझं वर्ष घालवलं की खिशाचं काम शोधायची वाट दाखवली, मला ठरवता येईना.

पाळणाघरात मुलगी दुसऱ्या कुणाचा तरी मोजा मुठीत घट्ट धरून बसली होती. सकाळपासून सोडत नाही, तिथल्या मावशी म्हणाल्या. मी घराची किल्ली तिच्यापुढे धरली. तिने किल्लीकडे पाहिलं, मग मोज्याकडे, मग माझ्याकडे.

तिने दुसऱ्या हाताने किल्ली घेतली. मोजा सोडला नाही.