गार पडलो की माझा सूर उतरतो

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर फिरवायची गोल बटणं आणि पोटात तारांचं जंजाळ. कारखान्यातून नवा कोरा निघालो तेव्हा माझा काय थाट होता! शिट्टीपासून ढगांच्या गडगडाटापर्यंत सगळे आवाज मी काढायचो आणि लोक तोंडात बोटं घालायचे. मग संगणकातले आवाज आले आणि माझी रवानगी थेट माळ्यावर झाली. तिथून ताईनं मला खाली काढलं, पुसलं आणि म्हणाली, "वाजतोय की गुलाम!"

ताई, तिची धाकटी बहीण आणि ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, अशी तिघं एका मोठ्या हॉलमध्ये वाजवत. तिथे जमिनीवर बर्फ गोठवलेला असे आणि लोक पात्यांचे बूट घालून त्यावर घसरत नाचत. ताईकडे मी, बाकी दोघांकडे माझेच दोन तरुण भाईबंद.

आम्हा तिघांचा सूर एक करायचा म्हणजे एकेक बटण केसभर फिरवत बसावं लागतं. ते काम भाऊजींचं. पण हॉलमध्ये बोटं गारठतात म्हणून ते घरीच, हीटरला पाठ लावून आम्हाला जुळवत. घरी आम्ही अगदी एका सुरात! बर्फाजवळ गेलो की मात्र मला हुडहुडी भरायची आणि माझा सूर घसरायचा. त्या तरुणांना कसली आलीय थंडी? एकदा माझा बेसूर ऐकून एक काका नाचता नाचता धपकन आपटले. त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं.

हॉलचे मॅनेजर तणतणत आले. "या शनिवारी पुन्हा असं झालं, तर हे खोकं भंगारात, नाहीतर तुम्ही घरी!"

"खोकं भंगारात," भाऊजी लगेच म्हणाले. धाकटीनंही मान डोलावली. मित्रांनो, मला रडू आलं. पण मला रडायलासुद्धा आधी कुणीतरी वायर लावायला हवी.

शनिवारी वाजवायला बसताना ताईचा हात माझ्या पाठीला लागला. "अगं बाई, हा तर पार गारठलाय!" तिनं अंगावरची शाल काढून मला गुंडाळली. काय ती ऊब! दुसऱ्या गाण्यापर्यंत मी सुरात आलो, आणि मग थांबायचं सोडून वर चढतच निघालो.

"अगं, हा चालला कुठे?" भाऊजी कुजबुजले.

"मला काय विचारता? जा त्याच्या मागे!" ताई म्हणाली.

मग काय! भाऊजी आणि धाकटी एका हातानं वाजवतायत, दुसऱ्या हातानं बटण पिळून सूर चढवतायत. त्यांनी मला गाठलं की मी आणखी वर. नाचणाऱ्यांना वाटलं, हे मुद्दामच चाललंय. तेही इरेला पेटले आणि भिंगरीसारखे गरगरू लागले.

गाणं संपलं. मॅनेजर धावत आले. माझी तर पाचावर धारण बसली.

"काय सूर चढवत नेलात हो! दर शनिवारी हेच हवं!"

"सरावाची गोष्ट आहे," कपाळावरचा घाम पुसत भाऊजी म्हणाले.

आता दर शनिवारी शाल माझ्या अंगावर असते आणि ताई दात वाजवत, मला शिव्या घालत वाजवते. तिचे उपकार कसे फेडू, हे मला खरंच कळत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो मित्रांनो, तुमच्यातला कुणी सुरात नसला तर त्याला लगेच बाहेर काढू नका. आधी पाठीवर हात ठेवून बघा, तो गार तर पडला नाही ना.