पाण्यावरचा दिवा आणि देशमुखांचा खबरनवीस

पाटोद्याच्या बाजारतळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबाच्या फांद्यांवर माणसं, सोडलेल्या गाड्यांवर माणसं. मधल्या चौथऱ्यावर दीपनाथ महाराज बसलेले आणि त्यांच्यापुढे एक मोठा पितळी दिवा. दिव्यात तेलाचा थेंब नाही. महाराजांनी कमंडलूतलं पाणी त्यात ओतलं, आरतीची ज्योत जवळ नेली आणि भपकन पांढराशुभ्र उजेड पडला! पाणी घालावं तसा दिवा आणखीच जोर धरू लागला.

"बघा रे मूढांनो!" महाराज गरजले. "तेल कलियुगाचं, पाणी सत्ययुगाचं! बंकटराव देशमुखांचं पुण्य इथं हाजीर हाय, म्हणून पाणी जळतंय. हे पुण्यवान जिथं बसतील तिथं उजेड पडंल!"

पुण्यवान शेजारीच लोडाला टेकून बसले होते. त्यांना बसायचं होतं जिल्ह्याच्या लोकल बोर्डावर. निजाम सरकारच्या राज्यात ती नेमणूक जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या तालुकदारसाहेबांच्या शिफारशीनं होई, आणि साहेबांना दाखवायला देशमुखांना गर्दी हवी होती.

ती गर्दी जमवली होती शहादेवनं. बावीस वर्षांचा, अंबाजोगाईच्या शाळेत शिकलेला, मोत्यासारखं अक्षर असलेला हा पोरगा देशमुखांचा खबरनवीस होता. देशमुखांनी काय केलं, काय म्हटलं, हे सोलापूरच्या एका साप्ताहिकाला लिहून कळवायचं, ही त्याची नोकरी. पहिल्या महिन्यात त्यानं शंभर माणसांची हजार केली. दुसऱ्या महिन्यात देशमुखांनी न दिलेलं भाषण शब्दशः लिहून पाठवलं. ते छापून आलं तेव्हा देशमुखांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शहादेवला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

मग महाराज आले. दिवा पेटला की लसणासारखा उग्र वास सुटायचा. महाराज तर भक्तांना कांदा-लसूण सोडायला लावत होते! शहादेवच्या नाकाला ते खटकलं. पण त्यानं लिहिलं, 'दिव्य सुगंध दरवळला.' दिवा विझल्यावर तळाशी पांढरा गाळ उरे. महाराज तो अंजन म्हणून डोळ्यांत घालत. शहादेवनं लिहिलं, 'अंधांस दृष्टी लाभली.' एकही आंधळा बरा झालेला त्यानं पाहिला नव्हता.

तो अंक वाचून घेऊन तेलगावची भिवराबाई तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करत आली. डावा डोळा मोतीबिंदूनं गेलेला, उजव्याला नुसतं पाणी येत होतं. घडी घातलेला कागद तिनं शहादेवपुढं धरला.

"लेकरा, हे तुमीच ल्हिलंय न्हवं? खरं हाय ना समदं?"

शहादेवनं मागं वळून पाहिलं. देशमुख चार हातांवर बसले होते.

"खरं आहे, आजी. रांगेत उभ्या राहा."

महाराजांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत अंजन भरलं. म्हातारी किंचाळली. "झोंबतंय? लई झोंबतंय?" महाराज खूश होऊन म्हणाले, "पाप जळतंय, माय! जेवढं पाप तेवढी आग!" लोकांनी जयजयकार केला. त्या आवाजात तिचं रडणं बुडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धर्मशाळेच्या ओट्यावर बसलेली दिसली. उजवा डोळा सुजून बंद झालेला, पापण्या भाजल्यासारख्या लाल. शेजारी छबुबाई ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती. छबुबाई लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरून चालायची, त्यावरच तिचं पोट होतं.

"मुनशीबाबा, हिकडं या," ती म्हणाली. तिनं भिवराबाईच्या पदराला लागलेला पांढरा गाळ त्याच्या नाकाशी धरला. "वळखलं का? आमच्या गॅसबत्तीतल्या खड्यांचा गाळ हाय ह्यो. खड्यावर पानी पडलं की ग्यास निघतो, ग्यास पेटतो, आन् खाली ऱ्हातो चुना. मी रोज फेकून देते. ह्या भाड्यानं म्हातारीच्या डोळ्यात चुना घातलाय, चुना!"

 शहादेव तसाच देशमुखांकडे गेला.

"सरकार, दिव्यात कार्बाइडचे खडे आहेत."

"मला सांगतोस?" देशमुख पान जुळवत हसले. "हैदराबादेहून मीच मागवले. कशाला घाबरतोस बे? उद्या तालुकदारसाहेब येतायत. लिहून ठेव, तेलगावच्या भिवराबाईला दिसाय लागलं. साहेबांपुढं वाचून दाखव."

"तिचा डोळा जातोय, सरकार."

"तिला डावा हाय की."

डावा! तो तर मोतीबिंदूनं आधीच गेलेला. या माणसासाठी आपण शंभराचे हजार केले. शहादेवला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या बोटांवरच्या शाईची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ पुन्हा भरला. तालुकदारसाहेब खुर्चीवर बसले. देशमुखांनी खूण केली तसा शहादेव कागद न काढताच उभा राहिला.

"साहेब, भिवराबाईंना दिसत होतं ते मी लिहिलेल्या खोट्यानं गेलं. कसं, ते छबुबाई दाखवतील."

छबुबाई घरची घासलेली पितळी वाटी घेऊन चौथऱ्यावर चढली. वाटीत दोन खडे टाकले, वर लोटीतलं पाणी, मग काडी ओढली. भपकन उजेड पडला.

"घ्या! मी बी म्हाराज झाले!" ती ओरडली. "माझं कोणतं पुन्य हो? म्या तर सकाळीच लसणाची चटणी खाल्ली!"

तळावर हशा उसळला. महाराज कमंडलू सावरत म्हणाले, "ही नास्तिक..."

छबुबाईनं वाटीतला गाळ काडीवर घेतला. "अंजन हाय ना? मग तुमी घाला तुमच्या डोळ्यात."

महाराज मागं सरकले. एक पाऊल, दोन पावलं.  मग रांगेत उभ्या असलेल्या बायांनीच त्यांना गाठलं. साहेबांच्या शिपायांनी सोडवलं नसतं तर जटाही हाती आल्या असत्या. देशमुखांची नेमणूक झाली नाही, पण त्यांना शिक्षाही झाली नाही. शहादेवची नोकरी त्याच दिवशी गेली.

त्यानं भिवराबाईला बीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा धुतला, पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. परतीच्या गाडीत भिवराबाईनं विचारलं,

"लेकरा, छापलेलं बी खोटं असतंय व्हय?"

"असतं, आजी. माणूसच लिहितो ते. माझ्यासारखा."

"मग आमी अडाण्यांनी कशावर इस्वास ठेवावा?"

 बैल एक ओढा ओलांडून वर चढले.

"विचारायचं, आजी. हे काय आहे, कशाचं केलंय, कुणाला गुण आला त्याला दाखवा, असं विचारायचं. छबुबाईनं तेवढंच केलं. आणि जो उत्तर द्यायचं सोडून आपलं पाप मोजू लागेल, त्याच्या हातचं डोळ्यात तर नाहीच, पायालाही लावायचं नाही."

भिवराबाईनं चाचपडत त्याचा हात धरला. "हे आधी ल्हिलं असतंस तर," ती म्हणाली, "तर मला तुझं तोंड दिसलं असतं रे."