पांढरी पाच

"अंगठा सोडा," फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली.

"सोडलाय की."

"हा सोडलेला? काका, बसच्या दांड्याला लोंबकळल्यासारखा धरलाय तुम्ही."

मास्तरांनी अंगठा गिटारच्या मानेमागे जरा सैल केला. लगेच पहिल्या बोटाखालच्या तारा खरखरायला लागल्या. दुखतं कसं ते तोंडाने सांगू नका, गिटारच घेऊन या आणि माझ्यासमोर वाजवा, असं तिनेच मागच्या वेळी बजावलं होतं. म्हणून आज त्या पांढऱ्या खोलीत मास्तर गिटार मांडीवर घेऊन बसले होते.

"मान थोडी वर. तुमची नव्हे हो, गिटारची. हे स्टूल पायाखाली घ्या. कोपर मोकळं सोडा. मनगट सरळ... याला सरळ म्हणतात? हं, असं. आता?"

"आता कमी दुखतंय," मास्तर म्हणाले. खरोखरच कमी दुखत होतं.

"बघा! निम्मं दुखणं बसण्यातच असतं." ती वाकून त्यांच्या डाव्या हाताकडे बघायला लागली. "पण हे एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकलंय, ते किती वेळ दाबून ठेवता?"

"गाणं संपेपर्यंत."

"सगळ्याच गाण्यांना?"

मास्तर पंजाने तारा पुसायला लागले.

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझा भाऊ वाजवतो, त्याची बोटं कशी मोकळी नाचतात. तुम्हाला काही सोपं वाजवता येत नाही का? कारण हे असंच चालू राहिलं ना काका, तर चहाचा कप उचलतानाही दुसऱ्या हाताला हाक मारावी लागेल. थांबा, काकू बाहेर बसल्यात ना? त्यांनाच बोलावते."

"नको!" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले की मुलगी दचकलीच. "म्हणजे... उगाच काळजी करत बसेल ती."

बाहेर बाकावर बाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ताठ बसल्या होत्या. ओठ मिटून गुणगुणत होत्या. शेजारची पेशंट सरकून लांब बसली होती, पण यांना त्याचं काय!

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"मनगट सरळ ठेवा म्हणाली."

"एवढंच? एवढ्यासाठी एवढा वेळ? मी फुकट सांगितलं असतं."

आता मास्तरांनी काय करून ठेवलं होतं ते सांगायला हवं. मास्तर दिवसा पोरांना गिटार शिकवायचे आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवायचे. बाई गायच्या, मास्तर साथ करायचे. लग्न झालं तेव्हापासून हेच. बाईंची पट्टी पांढरी पाच. म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी हा त्यांचा सा, तिथून त्यांचं गाणं सुरू होणार. गिटारवाल्याच्या दृष्टीने ही पट्टी म्हणजे सुखाचं माहेर. तारा बऱ्याचशा मोकळ्याच वाजतात, आडवं बोट जवळजवळ लागतच नाही. मास्तर गमतीने म्हणायचेही, "मी मुलगी नाही बघितली, पट्टी बघितली आणि हो म्हणालो."

आणि बाईंना त्या पट्टीचा भारी अभिमान. कुणी तोंडभर स्तुती केली की म्हणायच्या, "वय झालं, गुडघे गेले, पण पट्टी? पांढरी पाच! तसूभर हललेली नाही." त्यांच्या गाण्याच्या गुरूंनी त्यांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं, पट्टी उतरली की गाणं उतरलं, मग माणसाने मुकाट्याने ऐकायला बसावं. बाईंनी ते गाठीला बांधलं होतं.

मग एका संध्याकाळी वरच्या ओळीवर बाईंचा आवाज चिरकला. आत जाऊन त्या तोंडात पदर कोंबून रडल्या आणि म्हणाल्या, "उद्या परत असं झालं तर मी गाणं सोडलं म्हणून समजा." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी न बोलता गाणं अर्ध्या सुराने खाली घेतलं. काळी तीन. बाईंचा आवाज सुरेख लागला. घरी येताना रस्ताभर त्या लहान मुलीसारख्या बडबडत होत्या. एवढा आनंद बघितल्यावर मास्तरांची काय बिशाद खरं सांगायची!

पुढे तेही झेपेना, तेव्हा मास्तर आणखी अर्धा सूर खाली आले, पांढरी चारवर. आता ज्याला गिटार माहीत आहे तो कपाळाला हात लावेल, कारण या दोन पट्ट्या म्हणजे आडव्या बोटाची सक्तमजुरी. तारा सैल करून सगळी गिटारच उतरवता आली असती, पण सैल तारेची घरघर बाईंच्या कानाने पहिल्या झटक्यात पकडली असती. गिटारच्या मानेला तारा दाबून धरणारा चिमटा लावून काम सोपं करता आलं असतं, पण चिमटा डोळ्यांना दिसतो, आणि चिमटा लावला की पट्टी बदलते हे इतक्या वर्षांत बाईंना पाठ झालं होतं. बोट मात्र कुणाला दिसतं? बाईंचं तोंड लोकांकडे, मास्तर त्यांच्या मागे डावीकडे. तेव्हा मास्तरांनी बोट दाबलं. दाबतच राहिले.

घरात पेटी नव्हती, बाई सूर कायम मास्तरांच्या गिटारवरूनच घ्यायच्या. घरी बाईंचं आवाज कमावणं जोरात चालू होतं. काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि नळीतून सूर काढत बुडबुडे आणायचे. कुणीतरी सांगितलं होतं की त्याने घसा मोकळा होतो. पोटावर हात ठेवून श्वास, सकाळी वाफ, ओठ मिटून गुणगुणणं. "बघा," त्या म्हणायच्या, "मेहनत केली की आवाज ऐकतो." आणि मास्तर शेजारच्या खोलीत गरम पाण्याच्या पिशवीवर मनगट ठेवून म्हणायचे, "तर!"

आवाज खरंच गोड झाला होता, दमसास वाढला होता. फक्त वरचे सूर तेवढे परत येत नव्हते, आणि ते मास्तरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मास्तर मुलीने सांगितलं तसे बसले. पायाखाली पालथी घातलेली सोड्याच्या बाटल्यांची पेटी, गिटारची मान वर, मनगट सरळ. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यालाही निभावलं. हॉल भरलेला होता, काटे-चमचे वाजत होते, एका टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच अंगठ्याच्या मुळाशी कळ आली आणि थेट कोपरापर्यंत गेली. बोटातला जीवच गेला. तारा फटफट वाजल्या. बाईंनी मागे वळून बघितलं.

"काय झालं हो?"

"काही नाही. घाम आला हाताला."

पुढचं गाणं बाईंचं हुकमी गाणं होतं. वाढदिवसाच्या टेबलावरून चिठ्ठी आली होती, आता नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तरांनी आडवं बोट टाकून बघितलं. बोट तारांवर नुसतं पडलं, दाब म्हणून येईना. म्हणजे आता एकच वाट होती, पांढरी पाच. मास्तरांच्या मनात आलं, एवढी मेहनत करतेय बिचारी. कुणी सांगावं, आज लागेलही. माणूस अडला की असल्या आशेवरच जगतो. त्यांनी मोकळ्या तारा छेडल्या.

पहिली ओळ लागली. दुसरीला बाईंच्या मानेवरच्या शिरा दिसायला लागल्या. मास्तरांना हात थांबवावासा वाटला, पण थांबवून करणार काय? बाई वरच्या ओळीवर गेल्या आणि आवाज फाटला.

त्या हसल्या. "ठसका लागला," असं लोकांना म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा तीच ओळ घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं, पण सूर बाहेरच येईना. वाढदिवसाच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट मनाने नव्हे, सांभाळून घेण्यासाठी. बाईंनी नमस्कार केला आणि त्या आत गेल्या.

स्वयंपाकघरामागच्या बोळात, धुतलेल्या टेबलक्लॉथांच्या ढिगावर त्या बसल्या होत्या. मास्तर समोर उभे राहिले.

"संपलं," बाई म्हणाल्या. "एका रात्रीत कसा गेला हो आवाज? काल तर होता. काय चुकलं माझं? वाफ घेतली, गार पाणी नाही प्यायले... देवा रे, मी काय केलं?"

मास्तरांना हे बघवेना. स्वतःला दोष देत बसलेली ती बाई आणि बुडबुडे काढून काढून कोरडे पडलेले तिचे ओठ.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "आज मी पांढरी पाच वाजवली."

"मग रोज काय वाजवता?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. काळी तीन, पांढरी चार, सैल न केलेल्या तारा, न लावलेला चिमटा. बाई ऐकत राहिल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"कधीपासून?"

"झाली की काही वर्षं."

"आणि मी लोकांना सांगत फिरले. तसूभर हललेली नाही म्हणून." बाईंनी डोळे पुसले नाहीत, पाणी वाहू दिलं. "तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. हसू नाही आलं?"

"हसू कसलं! तू म्हणाली होतीस, गाणं सोडेन."

"सोडलंच असतं! चार दिवस सोडलं असतं. रडले असते, तुमच्यावर डाफरले असते, आणि पाचव्या दिवशी म्हणाले असते, लावा तो मेला चिमटा. गाण्यावाचून राहणारी बाई आहे का मी? एवढ्या वर्षांत एवढंही ओळखलं नाहीत?" त्यांचा आवाज चढला. "ते चार दिवससुद्धा दिले नाहीत मला तुम्ही."

 मास्तरांना एवढंच कळलं की त्या म्हणतात ते अगदी खरं आहे.

"बघू हात." बाईंनी त्यांचं मनगट धरलं. ते सुजून टम्म झालं होतं. "हा आता कुठून आणायचा? सांगा ना. माझा आवाज वयाने गेला, त्याला इलाज नव्हता. हा कशाने घालवलात?"

हात पुरता थांबवावा लागला. मनगटाला आधारपट्टा आला, शिकवणीची पोरं दुसरीकडे गेली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने गोड बोलून सांगितलं की दुखणं कमी होईल, पण पूर्वीसारखं वाजवण्याचं काही सांगता येत नाही. बाई जेवायला वाढत होत्या, शर्टाची बटणं लावून देत होत्या, मोजकंच बोलत होत्या. मग एका संध्याकाळी त्यांनी साडी बदलली आणि म्हणाल्या, "मॅनेजरांशी बोलले मी. एकटी गाईन म्हटलं. येताय का ऐकायला?"

मास्तर पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये टेबलाशी बसले. बायकोला गाताना आजवर त्यांनी मागून आणि बाजूनेच बघितलं होतं. गाण्याआधी ती अशी समोरच्या भिंतीकडे बघते, हे त्यांना माहीतच नव्हतं. बाईंनी डोळे मिटले, स्वतःशीच खाली, अजून खाली सूर शोधला आणि सुरुवात केली.

मास्तरांनी पट्टी लगेच ओळखली. पांढरी तीन. जिथे त्यांनी जिवाच्या आकांताने बाईंना धरून ठेवलं होतं, त्याच्याही खाली. म्हणजे इतकी वर्षं ते तिला वरच टांगून ठेवत होते. आणि पांढरी तीनमध्ये गिटारच्या तारा पुन्हा बऱ्याचशा मोकळ्या वाजतात. शिकाऊ पोरगंसुद्धा वाजवेल. आणखी अर्धाच सूर खाली उतरले असते, तर दोघंही सुखात असती.

वरची ओळ आली. बाईंनी ती सहज घेतली, भरदार, जराशी जाड आणि सबंध. मास्तरांना तो आवाज अनोळखी वाटला आणि फार आवडला.

शेजारच्या टेबलावरचा माणूस त्यांच्याकडे झुकला. "छान गातात हो. पण साथीला कुणी नाही का यांच्या?"

"ऐका ना," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पट्टा बांधलेला हात टेबलाखाली घेतला.