खोका म्हणायला काय झालं होतं?

मी एक जुनं सोनोग्राफीचं मशीन आहे आणि मित्रांनो, मला भयंकर राग आला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. माझ्याच्यानं ते होणार नाही.

नवं होतं तेव्हा माझं कोण कौतुक! पोटावर गार जेल लावून माझा दांडा फिरवला की आतलं चित्र पडद्यावर उमटायचं. बाळाचं हृदय लुकलुकताना पाहून आज्या मला हात जोडायच्या.

एकदा शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई आल्या. बाळंतपणांनंतर उडी मारली, शिंक आली, नुसतं हसू आलं तरी त्यांची लघवी सुटायची. कमरेला स्वेटर बांधून त्या मैदानावर उभ्या राहत आणि मुलं मागून खुसखुसत. असंच चाललं तर नोकरी सोडावी लागेल, या धास्तीनं त्या आल्या होत्या.

आमच्याकडची रीत काय, तर पोटभर पाणी पिऊन बाहेर बाकावर बसायचं. जिला थेंब धरवत नाही, तिलाही! डोकी गहाण ठेवली होती की काय सगळ्यांनी? बाईंना धरवेना, त्या गुपचूप संडासात जाऊन आल्या. मग बोलणी खाल्ली आणि पुन्हा पाणी प्यायल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवलं आणि श्वास धरा, अजिबात हलू नका म्हणाले. अहो, हलल्यावरच तर दुखणं दिसणार होतं! नळ बंद ठेवायचा आणि म्हणायचं, गळत नाही.

"सगळं ठीक आहे. वय झालं की असं व्हायचंच," डॉक्टर म्हणाले.

बाईंची अजून चाळिशीही आली नव्हती. मला तोंड असतं, तर तिथेच ओरडून सांगितलं असतं. त्यांनी शाळा सोडली.

पुढे दुसरं मशीन आलं आणि मला चादर घालून कोपऱ्यात ढकललं. मोठे डॉक्टर गेले, नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीच मला पुसून पुन्हा कामाला लावलं. खेळाच्या त्या बाई परत आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग दांड्याला स्वच्छ आवरण चढवून तो पोटावर नाही, खाली मांड्यांच्या मध्ये बाहेरूनच टेकवला.

"आता जोरात खोका."

बाई खोकल्या. पडद्यावर मूत्राशयाचं तोंड सर्रकन खाली घसरलं आणि उघडलं.

"म्हणजे मी उगीच सांगत नव्हते," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

ओटीपोटाच्या तळाचे, मूत्राशयाला खालून धरून ठेवणारे स्नायू सैल झाले होते. ते आवळले की तेच तोंड वर कसं उचललं जातं, हे बाईंनी पडद्यावर पाहिलं. व्यायामाचं त्यांना काय नवल? रोज ते स्नायू आवळायला लागल्या. काही महिन्यांनी त्यांनी माझ्यासमोर उड्या मारून दाखवल्या आणि त्या कोरड्या राहिल्या. शाळेत मात्र त्यांच्या जागी केव्हाच दुसरं कुणी रुजू झालं होतं. बाई हसून गेल्या. माझा राग काही गेला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका हवं तर. पण तुमच्या घरातली कुणी हसता हसता एकदम गप्प होऊन पाय आवळत असेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तिथे कुणी 'असं व्हायचंच' म्हणालं, तर उठू नका. म्हणा, आधी तिला खोकायला सांगा, आणि मग बघा.