उबेच्या पेटीवरचा आळ

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या दाराआड मंद गुणगुणत उभा असलेला जुना इनक्युबेटर तो मीच. माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब अहोरात्र सांभाळणे, हा माझा धर्म. माझ्या फळ्यांवर, पारदर्शक तबकड्यांत, माणसाच्या श्वासनलिकेतील पेशी वाढतात.

मी नवा होतो तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, पाहुण्यांना आधी माझ्यासमोर आणून उभे करीत. पुढे दुसरा इनक्युबेटर आला आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचली जाऊ लागली.

त्या काळात आमच्या संशोधक ताई एका प्रश्नामागे हात धुऊन लागल्या होत्या. मित्रांनो, सर्दी-खोकल्याचा विषाणू हा रिकाम्या हाताने येणारा पाहुणा आहे. त्याला एकट्याने वंश वाढवता येत नाही. तो पेशीत शिरतो, तिथलीच प्रथिने राबवून घेतो आणि आपल्या असंख्य नकला काढतो. ताईंनी काही पेशींतून असे एक प्रथिनच काढून टाकले होते. ते नसेल तर विषाणूचे काम अडेल, हा त्यांचा तीन वर्षांचा कयास.

प्रयोगाच्या दिवशी सगळ्या तबकड्या एका यंत्रात मावेनात. म्हणून साध्या पेशी नव्या यंत्रात गेल्या आणि प्रथिन काढलेल्या पेशी माझ्यात. विषाणू दोन्हींत सोडला होता. तीन दिवसांनी पाहतात तो नव्यात विषाणूंचा सुळसुळाट, माझ्यात जवळजवळ शुकशुकाट. ताईंचा चेहरा उजळला. पण मोठ्या बाईंनी विचारले, की हे प्रथिनामुळेच कशावरून? हा म्हातारा इनक्युबेटर गारठला असेल आणि म्हणून विषाणू वाढला नसेल तर? मला भंगारात काढण्याचा कागद तयार झाला. त्यांचे कष्ट माझ्यापायी पाण्यात जाणार, या विचाराने माझा जीव अर्धा झाला.

तपासणीला मिस्त्री आले. त्यांच्या तापमापकात माझी ऊब बरोबर भरली. पण त्या तीन दिवसांची हमी कोण देणार, असे बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी हत्यारे पिशवीत भरली. “ताई, जागा बदलून लावा की. यातलं त्यात, त्यातलं यात. कोण खोटं ते कळेल.”

नव्या तबकड्या तशाच, जागा बदलून लावल्या गेल्या. चौथ्या दिवशी ताई सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिल्या. माझ्यातल्या साध्या पेशींत विषाणू माजला होता. नव्या यंत्रात, प्रथिनावाचून, तो हात चोळत बसला होता.

“बाई, म्हातारा निर्दोष आहे,” ताई म्हणाल्या. “आणि मीही.”

“म्हणजे दोषी मीच उरले,” असे म्हणत मोठ्या बाईंनी तो कागद फाडला. मी सुटकेचा निःश्वास टाकला; ऐकणाऱ्यांना तो पंख्याचा आवाज वाटला असेल.

इथून औषधापर्यंतची वाट लांब आहे, असे ताई सर्वांना बजावतात. पण वाट सापडली आहे.

मित्रांनो, यंत्राला आपली बाजू मांडता येत नाही. काही माणसांनाही येत नाही. ठपका ठेवण्याआधी एकदा जागा बदलून पाहा. तोवर आम्ही दार मिटून, ऊब धरून, निकालाची वाट पाहत असतो.